चार सिंहांचा पूल

नाही लिहिणार. ते पेन तू कितीही वेळा माझ्याकडे सरकव – सुतळीने बांधलंय, त्यामुळे फार लांब येणारही नाही बिचारं – पण 'एकही नाही' हे शब्द माझ्या हातून त्या रकान्यात उतरणार नाहीत. रकाना काय विचारतो? वाच. नाही, मला वाचता येतं, चांगलं वाचता येतं, पण तुझ्या तोंडून ऐकू दे. 'यापूर्वी केलेले परदेश प्रवास.' बरोबर? मग मी अकरा लिहिलेत. ओळी चारच दिल्यात तुम्ही, म्हणून उरलेले समासात लिहिले, समास संपला तेव्हा कागद उलटला. अक्षर लागत नाही का? लागतं. मग? – पासपोर्ट कोरा आहे. अगं, तो कोरा आहे हे तू मला सांगतेस? आठ वर्षं माझ्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून होता तो, मला माहीत नाही? पासपोर्ट कोरा आहे म्हणून बाई कोरी होते का? आणि आवाज खाली आण आधी. मी बहिरी नाही, म्हातारी आहे. खिडकीच्या आत बसलं की तुम्हाला दोन्ही एकच वाटतं.

खोटी माहिती? खोटी म्हणालीस? बाई गं, मी एका दुकानदाराची बायको आहे, खोटं बोलायची वेळ आली तर याहून चांगलं बोलेन. – हे बघा साहेब, तुम्ही मागे उभं राहून माझ्या मानेवर उसासे सोडू नका. तुमचा नंबर सत्तेचाळीस, माझा सेहेचाळीस, आणि मी उठल्याशिवाय सत्तेचाळीस होत नाही. बसा त्या बाकावर. – काय सांगत होते? हां. तुझं म्हणणं एवढंच ना, की रकान्यात 'एकही नाही' लिहिलं तर व्हिसाचा अर्ज आज जातो, अकरा ठेवले तर जात नाही, आणि आज गेला नाही तर माझं विमान मला सोडून उडणार. कळलं मला. तीनदा सांगितलंस. पण मी 'एकही नाही' लिहिलं तर मग मी चव्वेचाळीस वर्षं संसार केला तो काय केला? तू नवीन दिसतेस, टेबलावर फुलदाणी ठेवलीयस अजून. ऐकून घे, मग काय ते ठरव.

आमचं बॅगांच्या दुरुस्तीचं दुकान. माझ्या नवऱ्याला सगळी गल्ली बॅगवाले म्हणायची, मीही चिडले की बॅगवालेच म्हणायचे. तुटलेले हँडल, अडकलेली चेन, चेपलेले कोपरे, निखळलेली चाकं – सगळं करायचे. चाक अंगठ्याने फिरवून सांगायचे, ही बॅग दगडी रस्त्यावरून आलीय, ही नुसती विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर हिंडलीय, ही वाळूत ओढलीय. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. आणि एक शिस्त होती त्यांची – बॅग हातात आली की आधी सगळे कप्पे टेबलावर उलटे करायचे. निघेल ते पाकिटात, पाकिटावर नंबर, बॅग परत देताना पाकीट हातात. दहातले नऊ जण म्हणायचे, टाकून द्या हो, कचरा आहे. कचरा! ट्रामची तिकिटं, हॉटेलातल्या साबणाच्या वड्या, घडीवर फाटलेले नकाशे, पुढची पानं गेलेली, मागची पानं गेलेली माहितीची पुस्तकं. मी दोन इयत्ता शिकलेली बाई. तिसरीपासून पुढचं सगळं मी त्या कचऱ्यातून शिकले. परकी अक्षरं शिकले ती बॅगांच्या हँडलला चिकटवलेल्या विमानतळाच्या पट्ट्यांवरून – तीन-तीन मोठी अक्षरं असतात बघ – मग वेळापत्रकं वाचायला लागले, मग नकाशे. नवरा माझा शाळा पूर्ण केलेला, आणि नकाशा उलटा धरायचा. हसतेस काय? खरं सांगतेय. उलटा धरून वर मलाच विचारायचे, नदी वरून खाली वाहते ना गं?

तर पहिल्या वर्षी आम्ही गेलो नाही, कारण ऐपत नव्हती. सुट्ट्या लागल्या की पहिले आठ दिवस आमचं दुकान ओस – ज्यांना जायचं ते निघून गेलेले, आणि मोडलेल्या बॅगा अजून परत यायच्या. हे नुसते स्टुलावर बसून पायाने जमीन टोकरत होते. मला बघवेना. मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'परदेशी गेलो आहोत. पुढच्या सोमवारी येऊ.' पुठ्ठा लावला, शटर खाली ओढलं, यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि टेबलावर नकाशा पसरला. म्हटलं, उठा, आपली गाडी सुटते. बस. घड्याळ तिकडच्या वेळेला लावलं. तिकडे सकाळचे नऊ वाजले की आम्ही निघायचो, तिकडे जेवायची वेळ झाली की जेवायचो, मग इकडे कितीही वाजलेले असोत. माझं बोट नकाशावर चालायचं, मी सांगत जायचे – हे डाव्या हाताला टपाल कार्यालय, हे घड्याळाचं दुकान, इथे पायऱ्या आहेत, जपून. आणि हे समोर बसून ऐकायचे, खांद्याला पिशवी अडकवून. पिशवी कशाला घरात? तर म्हणाले, परक्या गावात हात मोकळे असलेले बरे.

एकदा आम्ही रस्ता चुकलो. खरंच चुकलो. मी म्हटलं डावीकडे, हे म्हणाले उजवीकडे, उजवीकडे वळलो आणि पुढे नकाशाच फाटलेला. दीड तास एकमेकांशी बोललो नाही. मग यांनी पिशवीतून दोन संत्री काढली, एक माझ्यापुढे ठेवलं. आता तूच सांग – तू तर रोज माणसं पाठवतेस – नवरा-बायको परदेशात जाऊन याहून वेगळं काय करतात?

आणि एक वर्ष गेलो ते उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही त्या गावी. आठ दिवस मी दिवा विझवू दिला नाही. हे डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायचे आणि टॉवेलाखालून म्हणायचे, पुढच्या वर्षी अंधाराचं एखादं गाव बघ. आठव्या दिवशी शटर उघडलं तेव्हा दोघांचेही डोळे सुजलेले. गल्लीतले म्हणाले, वा, प्रवास मानवला नाही वाटतं! – हो, गल्लीला सांगितलं होतं ना आम्ही, की खरोखर जातो. मीच सांगितलं होतं. फुशारकी म्हण, मला चालेल. त्यामुळे आठ दिवस कुजबुजत राहायचं, नळ बारीक सोडायचा, फोडणी द्यायची नाही, शिंक आली तर उशीत. आणि मूर्खपणा ऐक – दूध बंद करायला आम्ही अकराही वर्षं विसरलो. रोज सकाळी मागच्या दारात दुधाची पिशवी. आम्ही म्हणायचो, बघा कसा वेंधळा दूधवाला, घरात माणूस नाही तरी टाकून जातो. तो टाकत नव्हताच. शेजारचा चावीवाला आणून ठेवायचा. आमच्या खोलीची आणि त्याच्या खोलीची भिंत एक – त्याला पहिल्या वर्षापासून माहीत होतं आम्ही आत आहोत म्हणून. अकरा वर्षं दूध ठेवलं त्याने, आणि दर सोमवारी आम्ही शटर उघडलं की विचारायचा, काय, कसा झाला प्रवास? मला हे कळलं ते यांच्या मागे. असा माणूस. तोंडाला कुलूप, आणि चावी त्याची त्याच्याकडेच.

आता म्हण खोटं. अकरा प्रवास, आठ-आठ दिवस, मला आजही डोळे मिटून कुठल्या चौकातून कुठली ट्राम जाते ते सांगता येईल. तुमच्या इथून जाऊन आलेल्या एका बाईला विचारलं मी मघाशी, त्या बाकावर बसली होती ती, म्हटलं नदीकाठी काय पाहिलंत? म्हणाली, दुकानं. – बरं बरं. नियम. कळला तुझा नियम.

पण थांब, तुला अजून मुख्य दाखवायचंच राहिलंय. म्हणजे तू म्हणतेस ना, शिक्का पाहिजे, शिक्क्याशिवाय पुरावा नाही – शिक्का आहे माझ्याकडे. माझ्या पासपोर्टात नाही. घरातल्या दुसऱ्या पासपोर्टात आहे. सांगते. आमचं सगळ्यांत लाडकं गाव म्हणजे हे, जिथे मी आता निघालेय – नदीचं, पुलाचं. अकरातले चार प्रवास आम्ही त्याच गावचे केले. त्या पुलाचं चित्र होतं आमच्याकडे, अर्ध्या पुस्तकात, अर्धंच. अलीकडच्या टोकाला दोन दगडी सिंह. पुढचं पान गेलेलं. पण मी हिशेब केला – अलीकडे दोन म्हणजे पलीकडेही दोन, कुठला कारागीर पूल एका बाजूला सजवून दुसरी बाजू नागडी ठेवेल? म्हणून मी यांना सांगितलं, चार सिंह आहेत. आम्ही चार सिंहांचा पूल म्हणायचो त्याला. पूल ओलांडताना हे दर वेळी मोजायचे – एक, दोन… मग बोट पाण्यावरून जायचं… तीन, चार.

आणि आठ वर्षांपूर्वी हा माणूस मला काही न सांगता फोटो काढायला घेऊन गेला, म्हणाला कसलंसं कार्ड काढायचंय. मग हे पासपोर्ट आले. मग वर्षाने एक दिवस दुकान बंद करून आत आले आणि टेबलावर, जिथे नकाशा पसरायचो तिथे, दोन तिकिटं ठेवली. खरी. शटर बाहेरून बंद करून जायची. म्हणाले, उठ, आपली गाडी सुटते.

काय केलं म्हणजे? भांडले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत भांडले. – कारण? कारणं बरीच सांगितली त्यांना. गुडघे दुखतात, दुकानाचं काय, माझ्याकडे धड कोट नाही. कोट होता. चांगला होता. तू अशी का बघतेस? खरं कारण तुला… बरं, तू परकी आहेस, उद्या मला विसरशील. अगं, टेबलावर ते गाव माझं होतं. मी पुढे, हे मागे. मला सगळं येत होतं. तिथे विमानातून उतरले असते आणि तिथल्या पोलिसाने एक शब्द विचारला असता तर मी ठोंब्यासारखी उभी राहिले असते. ते परके शब्द मी नुसते वाचलेत, कधी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. मी आयुष्यभर यांना ते जसे उच्चारून दाखवले तसे ते असतात की नाही, देव जाणे. यांच्यासमोर कळलं असतं ते. जगासमोर कळू दे, जगाला मी घाबरत नाही, पण यांच्यासमोर – शाळा पूर्ण केलेल्या माणसासमोर – दोन इयत्तांची बाई परत दोन इयत्तांची झाली असती. हे मी बोलले नाही. बोलले ते वेगळंच. शेवटी एक वाक्य बोलले आणि भांडण संपलं. कुठलं वाक्य? ते तुझ्या रकान्यात नाही, विचारू नकोस.

तर हे गेले. एकटे. सकाळी बॅग घेतली – स्वतःच्या हाताने केलेली, आमच्या दुकानातली सगळ्यांत चांगली चाकं बसवलेली – आणि गेले. मी दारातसुद्धा आले नाही. आठ दिवस एकटी होते. त्यांच्याविना पहिलेच आठ दिवस, लग्न झाल्यापासून. घड्याळ तिकडच्या वेळेला लावलं का? लावलं. तिसऱ्या दिवशी लावलं. पण नकाशा काढला नाही. नुसती टेबलाशी बसून राहायचे, आता हे उठले असतील, आता ट्रामसाठी उभे असतील, आता कोणाला तरी रस्ता विचारत असतील आणि नकाशा उलटा धरला असेल. आणि त्यात त्या चावीवाल्याला नेमका तेव्हाच खोकला. भिंतीपलीकडून दिवसभर खॉक खॉक. चौथ्या दिवशी मी भिंतीवर मूठ आपटली, म्हटलं, अहो, जरा तोंडावर काही धरून खोका, इथे माणसं राहतात! लगेच गप्प. मग मलाच वाईट वाटलं, आल्याचा काढा करून त्याच्या दारात ठेवला. संध्याकाळी तांब्या घासूनपुसून परत. त्याने आयुष्यात भांडं घासलेलं मी पाहिलं नव्हतं.

आणि आठव्या दिवशी हे आले. मी विचारलं नाही, तेच सांगत बसले. सगळं तू म्हणतेस तसंच आहे गं, म्हणाले. डाव्या हाताला टपाल कार्यालय, घड्याळाचं दुकान, पायऱ्या. चारही सिंह पाहिले. पलीकडच्या टोकाचा जो उजवीकडचा आहे ना, त्याचं नाक तुटलंय, म्हणाले. नाक! तेवढंच एक नवीन. तेवढंच मी सांगितलेलं नव्हतं. ते मला असं लागलं म्हणून सांगू… मला न दाखवता त्या सिंहाचं नाक बघून आला हा माणूस.

त्यानंतर मी टेबलावर नकाशा पसरला नाही. पाच वर्षं. खरं गाव पाहून आलेल्या माणसाला बोटाने काय फिरवायचं? सुट्ट्या लागल्या की हे पुठ्ठा काढून ठेवायचे, मी तो परत कपाटामागे सारायचे. एकदा म्हणाले, मला तिथलं काही आठवत नाही गं, तू सांग ना. मी म्हटलं, माझी थट्टा करू नका. एकदा नकाशा स्वतःच पसरला, उलटा, आणि वाट बघत बसले. मी भाजी चिरत राहिले. बोलायचो आम्ही, तसं नाही, दुकान होतं, गिऱ्हाईक होतं, बोलणं थांबतं थोडंच? पण कुठे गेलो नाही. मग ते गेलेच. दोन वर्षं झाली. छातीत कफ – चामड्याचा भुगा, गोंदाचा वास, चाळीस वर्षं तेच फुप्फुसात – खोकला त्यांचा जुनाच, शेवटी तेवढाच आवाज राहिला होता घरात.

आणि यांच्यानंतर एका गिऱ्हाइकाच्या बॅगेतून नवं पुस्तक निघालं. पूर्ण. सगळी पानं असलेलं. पुलाचं पान काढलं – तर सिंह दोनच. अलीकडे दोन, पलीकडे नुसते दिव्याचे खांब. इतकी चिडले मी! म्हणजे मी चुकले होते ते चुकलेच, पण हे? हे प्रत्यक्ष जाऊन आले आणि मला चार म्हणाले? डोळे होते की बटणं? की आपल्या बायकोची चूक झाकायला… नको, ती दया मला नको होती. म्हणून जायचंय मला. दुसरं काही नाही. त्या दोनांपैकी एकाचं तरी नाक तुटलंय का ते बघायचंय. तुटलं असेल तर यांनी निदान एक सिंह तरी नीट बघितला, आणि मोजण्यात घोळ झाला, झालं गेलं. हात लावून येईन त्या नाकाला. एवढंच. बॅगही तीच घेऊन जाणारेय, परवा माळ्यावरून काढली – आणि अभिमान वाटला हो! दगडी रस्ते तुडवून आलेली, पण चाकं बघशील तर कालच दुकानातून काढल्यासारखी. एक ओरखडा नाही. असं काम होतं यांचं.

तर शिक्का. हा घे. यांचा पासपोर्ट. परत द्यायचा असतो म्हणे सरकारला, मी दिलेला नाही, मला धरून न्यायचं तर न्या. सकाळी निघताना चावीवाला आडवा आला, म्हणाला, दोन्ही कशाला नेता वहिनी, तुमचा एकटीचा न्या. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या किल्ल्या बघा. म्हणाला, अहो हरवेल. म्हटलं, हरवायला मी काय… बघ ना, उघड. ते पान बघ आणि मग मला सांग या घरातून कोणी परदेशी गेलं नाही म्हणून. आमच्या दोघांचं काय वेगवेगळं आहे का? त्यांचा शिक्का तो माझा शिक्का.

नाही? नीट बघ. पानं चिकटतात. बोट ओलं कर.

मागून बघ. काही लोक मागून मारतात.

आण इकडे.

विमानतळावर मारतात ना शिक्का? जाताना? येतानाही? दोन्ही वेळा? कोणी विसरतं का मारायला? – विसरत नाहीत. हं. – एखादा म्हातारा बघून, घाई असेल, सोडून देतात का? – नाही. बरं.

पाणी नको. मी ठीक आहे. तुझं ते सत्तेचाळीस नंबरचं बघ हवं तर.

खोकला. अगं, चावीवाला खोकत नाही. तीस वर्षांचा शेजार, त्या माणसाला मी त्याआधी नि त्यानंतर कधी खोकताना ऐकलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षं जो खोकला ऐकला, शेजारी झोपून ऐकला, तो भिंतीतून आला आणि मी… मी मूठ आपटली. आणि गप्प झाले ते. आठ दिवस त्या किल्ल्यांच्या खोलीत, माझ्या हातभर अंतरावर, उशीत तोंड खुपसून. तांब्या त्यांनी घासला. तेच घासायचे, कडेपासून आत. – आणि चाकं. बॅगवाल्याची बायको मी! परक्या बॅगेचं चाक बघून रस्ता सांगणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढला, आणि घरात आलेल्या बॅगेचं चाक फिरवून बघितलं नाही. परवा बघितलं तर कौतुक करत बसले. ती बॅग आमच्या गल्लीच्या पलीकडे गेलेलीच नाही.

म्हणून चार. मी चार सांगितले होते, म्हणून चार. त्यांच्याकडे दुसरा आकडाच नव्हता. आणि ते नाक – काहीतरी स्वतः बघून आलो असं वाटावं म्हणून, तिथे पडल्या पडल्या, सिंहाचं नाक तोडलं त्यांनी. आणि पाच वर्षं मी त्यांना गावं दिली नाहीत. तू सांग ना, म्हणाले होते. त्यांना खरंच माहीत नव्हतं गं.

…काय? हो. ऐकतेय. अर्ज. चार वाजता जातो, माहीत आहे.

जायचंय. का नाही जायचं? नाक तुटलेला सिंह नाही हे कळलं म्हणून? पुलाच्या त्या टोकाला काही नाही, ते बघायला तर कोणीतरी गेलं पाहिजे. आमच्यापैकी अजून कोणी गेलेलं नाही. – तो कागद दे. नाही, तूच लिही, माझ्या हातून उतरणार नाहीत म्हटलं होतं ना. ते अकरा खोड. समासातले खोड, मागचेही खोड, सावकाश, कागद फाटेल. आता रकान्यात लिही – 'एकही नाही.' ठळक लिही. मघाशी मला ते शब्द नको होते. आता दुसरं काही लिहिलंस तर मी अर्ज परत घेईन. एकही नाही. माझ्याशिवाय एकही नाही.

शिक्का मार. मारलास? दे पावती. आणि दोन्ही पासपोर्ट – माझा तुला लागतो? ठेव. त्यांचा इकडे दे. – या हो साहेब, सत्तेचाळीस, झालं माझं, पिशवी तेवढी उचलू द्या.

आता काय? कुठलं वाक्य? अजून तेच धरून बसलीयस? तुम्हा पोरींना नको तेच ऐकायचं असतं. तिकिटं टेबलावर होती, हे उभे होते, मी दुसरीकडे तोंड करून कपबशा विसळत होते, आणि वळून न बघता म्हटलं, "जा खुशाल. तुम्ही भिंतीपलीकडे असा नाहीतर समुद्रापलीकडे, मला काही कळायचंसुद्धा नाही."